रोलमधला तिचा एकच फोटो

१८ नोव्हेंबर, मोताळा

डोकं अजून तापलेलंच आहे. कॉलेज सुटायच्या वेळी मी रोजच स्टँडवर असतो, कॉलेज सोडलं तरी. आज माझ्या जुन्या वर्गातली प्रणाली हसली आणि मी बटण दाबलं, एवढंच झालं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला रोलचा कॅमेरा, साबणाच्या वडीएवढा. फोटो काढला की घर्रर्र करून रोल आपोआप सरकतो. तो आवाज मला फार आवडतो. आज त्यानेच घात केला.

"डिलीट कर."

"याच्यात डिलीट होत नाही. रोल आहे."

"काऊन खोटं बोलतं रे? घरी माह्यासाठी स्थळं पाहून राह्यले. हा फोटो कोणाच्या हाती लागला तं?"

खोटं? कॉलेज सोडलं तेव्हा सगळ्यांशी खोटं बोललो, पण तिच्याशी?

सटकलीच माझी. पेनाच्या टोकाने रोल गुंडाळायचं बटण दाबलं. घर्रर्र, कितीतरी वेळ. अख्खा रोल तिच्या हातावर ठेवला. "घे. जाळ, नाही तं धुवून फोटो पाह्य."

ती रोल मुठीत धरून एसटीत चढली.

आता जीव थाऱ्यावर नाही. त्यात तिचा फोटो तो एकच. पण बाकीचे? तिने अर्धा टाकलेला चहा. तिची ओढणी अडकली ती बाभूळ. तिच्या गावचा फाटा, तीनदा. कोणीही पाहिलं तरी समजेल.

आत्ता तिचा मेसेज आला. "हा रोल धुतात कुठं?"

नागपूरचा पत्ता आहे माझ्याकडे. पाठवायला हात धजत नाही.