पाय धुण्याच्या नळावरचा सिंह

सान्तोरा, ८ ऑगस्ट, सकाळी सव्वासात

प्रिय ओर्तेन्सिया मावशी,

नमस्कार आणि विचारपूस खाली आहे. आधी जे घडले ते क्रमाने लिहिते, कारण मामा-मामींकडून ते तुम्हाला दुसऱ्याच क्रमाने कळण्याची शक्यता आहे.

१. १ ऑगस्ट, सकाळी दहा चाळीस. आम्ही नऊ जण पेस्टमचे अवशेष पाहायला गेलो.
२. अकरा पंचवीस. संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात सबातीनो मामा एका दगडी सिंहाच्या तोंडासमोर थांबले आणि म्हणाले, "अरेच्चा, हा तर आपला नळ!"
३. शेजारच्या दालनात पुरातत्त्व खात्याच्या निरीक्षक उभ्या होत्या.
४. दुपारी चार दहा. त्या मामांच्या लीदोवर, म्हणजे भाड्याच्या छत्र्यांच्या किनाऱ्यावर, आल्या.
५. चार सतरा. त्या वाळूत बसल्या.
६. २ ऑगस्टपासून नळाभोवती लाल-पांढरी फीत आहे.
७. त्याच दिवसापासून मामा माझ्याशी बोलत नाहीत.

नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तूरिनमध्ये अडतीस अंश असल्याचे वाचले. दुपारी खिडक्या बंद ठेवता ना? मी बरी आहे. फक्त डावा खांदा भाजला, कारण मामांनी दिलेल्या छत्रीची सावली चार वाजल्यानंतर शेजाऱ्यांवर पडते. तुमचा फोन चार दिवस लागत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मामांनी एकट्यांनी चौदा वेळा लावला होता; मी असते तर मीही वायर काढून ठेवली असती. म्हणून हे पत्र.

यात माझा दोष किती, ते आधी सांगते. सुट्टी तीन आठवड्यांची होती आणि मी तिचे वेळापत्रक करून आणले होते: सकाळी समुद्र, दुपारी अवशेष. (वर्षभर मी मिलानमध्ये जुन्या इमारतींच्या भेगा मोजते. सुट्टीत दुसऱ्या कुणीतरी मोजून ठेवलेल्या इमारती पाहाव्यात, एवढीच इच्छा होती.) पहिल्या आठवड्यात असे कळले की लीदोपासून ग्रीकांची देवळे अडीच किलोमीटरवर असूनही आपल्या घरातले कुणीही शाळेच्या सहलीनंतर तिथे गेलेले नाही. मी कारण विचारले तर मामा म्हणाले, "अडीच हजार वर्षं उभंय ते, पुढच्या उन्हाळ्यातही असेल. माझ्या छत्र्या मात्र वारा आला की जातात." तरी मी आग्रह धरला. मामींनी होकार दिला, पण एका अटीवर: जेवण बरोबर न्यायचे. त्यामुळे आम्ही भाजलेल्या पास्त्याची दोन मोठी तबके, तळलेली वांगी आणि एक अख्खे कलिंगड घेऊन प्राचीन जगात शिरलो. दारावरच्या वितालियानोने कलिंगड आत नेता येणार नाही म्हणून अडवले. मामींनी त्याला वांग्यांचा डबा उघडून दाखवला. मग कलिंगड त्याच्या खुर्चीखाली राहिले, आणि वांगीही तिथेच राहिली.

या वितालियानोबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दारावर तो त्या दिवसापुरता होता; एरवी एकोणीस वर्षे तो त्या दुसऱ्या दालनात, सिंहापासून तीन मीटरवर, खुर्ची टाकून बसतो. आणि एकोणीस वर्षे दर रविवारी मामांच्या लीदोवर, चौथ्या रांगेतल्या छत्रीखाली असतो आणि घरी जाताना त्या दुसऱ्या सिंहाच्या तोंडाखाली पाय धुतो. मी त्याला विचारले, कधी लक्षात आले नाही? तो म्हणाला, "ताई, इथला राखाडी आहे आणि तुमचा निळा. मला कसं कळणार?"

मामांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. जेवणानंतर तीन तास व्हायच्या आत कुणी पाण्यात उतरले, की ते इथून हाक मारतात आणि पुढच्या खाडीतली माणसेही बाहेर येतात. त्या आवाजात "आपला नळ" हे शब्द संग्रहालयात उच्चारले गेले. पाटीवर लिहिले होते: देवळाच्या छपराचे पन्हळ, इसवी सनापूर्वी सहावे शतक. मी मामांची बाही ओढली. मामांना वाटले माझा विश्वास बसत नाहीये. म्हणून त्यांनी पुरावा दिला. "कान बघ, कान! डावा कान असाच तुटलाय. फक्त आपल्याकडे पाणी येतं, यांच्याकडे तेही नाही."

निरीक्षकबाईंचे नाव डॉ. बेल्मोंते. बारीक अंगाच्या, शांत. खिशात घडीची मोजपट्टी ठेवतात. वेगळ्या परिस्थितीत आमची मैत्री झाली असती. त्यांनी नळाला तीन प्रदक्षिणा घातल्या, नखाने थोडा रंग खरवडला आणि विचारले, "हे किती थर आहेत?" मामा म्हणाले, "दर मे महिन्यात एक, बाईसाहेब. आम्ही हयगय करत नाही. एक वर्ष निळा, एक वर्ष पिवळा." मग त्यांनी तोंडाकडे बोट दाखवले. मामा खुशीत आले. "ते मूळचं लहान होतं हो, पाइप बसेना. मग मी हातगिरमिटानं मोठं केलं. मशीन लावलं असतं तर तडा गेला असता. दगड जुना वाटत होता." इथे त्या वाळूत बसल्या. मामींना वाटले ऊन लागले, म्हणून त्यांनी लिंबाचे सरबत दिले आणि जाता जाता सांगून टाकले की खालचा दात चौऱ्याण्णवच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर कुणीतरी रागाने चेंडू मारल्यामुळे गेला. तो दात जपून ठेवला आहे का, असे बाईंनी विचारले. जपून ठेवला आहे, बटणांच्या डब्यात. बाईंनी सरबत एका घोटात संपवले.

मला वाटले होते की धक्का बसायचा तो इथे संपला. नाही. ३ ऑगस्टला सकाळी संग्रहालयाच्या दारात सात पिशव्या ठेवलेल्या सापडल्या. आत मडक्याचे काठ, एक दिवा, अर्धा चेहरा. एका पिशवीत दगडी पाऊल होते आणि बरोबर चिठ्ठी: "हे आमचे नाही. शेजाऱ्यांचेही नाही." न्हाव्याच्या दुकानाचे दार, जे मी जन्मल्यापासून उघडे पाहत आले, ते आता वाऱ्याने आपटते, कारण त्याला लावलेला दगड नाहीसा झाला आहे. काल चर्चमध्ये फुले जमिनीवर ठेवली होती आणि पाद्रीबाबा प्रामाणिकपणा या विषयावर साडेतीन मिनिटे बोलले. मावशी, मला या गावात सगळे ओळखतात आणि मी या गावात सगळ्यांना ओळखते असे मला वाटत होते. दगड जमिनीत सापडला तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच कुणाला कधी काही "सापडत" नाही. वस्तू फक्त असतात.

आता मुद्दा. सिंह जाणार, हे नक्की आहे आणि योग्य आहे. प्रश्न तो आला कुठून हा आहे. डॉ. बेल्मोंते यांनी तो स्पष्ट मांडला. सिंह देवळांजवळच्या एखाद्या शेतातून इथे आणला असेल, तर सिंह घेऊन त्या फीत काढतील. तो लीदोच्याच वाळूखालून निघाला असेल, तर खाली बांधकाम असणार. मग चौदा तारखेला लीदो बंद, छत्र्या काढायच्या आणि सगळा किनारा खणायचा. किती वर्षे, ते त्यांनी सांगितले नाही. मामांनी विचारलेही नाही. फेर्रागोस्तोच्या, पंधरा ऑगस्टच्या सणाच्या, जेवणाच्या आदल्या दिवशी लीदो बंद, एवढेच त्यांनी ऐकले, आणि ते छत्र्यांच्या खोलीत जाऊन बसले. मी दारातून पाहिले. ते एकेक छत्री उघडत होते आणि मिटत होते.

घरात दोन कथा आहेत. मामा तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांना आठवते की १९७३ च्या जूनमध्ये तुम्ही हातगाडी ढकलत आलात, वर खरबुजे होती आणि खाली सिंह होता. आणि गाडी रुज्जेरोकाकांची होती, ज्यांचे शेत देवळांना लागून आहे आणि ज्यांच्याशी तुमचे लग्न ठरले होते. मामींनी सासूबाईंकडून वेगळेच ऐकले आहे: आजोबा नळाचा खड्डा खणत होते, तेव्हा सिंह खालून वर आला, आणि हातगाडीत फक्त खरबुजे होती. जाणत्या वयात हे पाहिलेली माणसे दोनच हयात आहेत. तुम्ही आणि रुज्जेरोकाका.

काकांना बाईंनी विचारले. ते पहिल्या रांगेत पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसतात, पाण्यात कधी जात नाहीत. ते म्हणाले, "ओर्तेन्सियाला विचारा. ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही." बाई म्हणाल्या, "पण तुम्हाला काय आठवतं?" ते म्हणाले, "बावन्न वर्षं मी तेच सांगतोय, तिला विचारा म्हणून." बाईंनी हे अहवालात जसेच्या तसे लिहिले आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकले.

मामा बोलत नसल्यामुळे त्यांची मागणी मामींमार्फत आली. तुम्ही असे लिहून द्यावे की सिंह नेपल्सच्या एका बागसामानाच्या दुकानातून घेतला होता. मी तसे पत्र लिहायला नकार दिला. मामी म्हणाल्या, "अगं, एका ओळीचं खोटं. तेसुद्धा सिंहाबद्दल, माणसाबद्दल नाही." मी सांगितले की मी नोंदणीकृत अभियंता आहे, शपथ घेतली आहे. त्यावर त्या वांगी चिरता चिरता म्हणाल्या, "मग चार दिवस इंजिनिअर नको होऊस, भाची हो." शिवाय दुकानातल्या सिंहाला अडीच हजार वर्षे झालेली नसतात, हे त्यांना कुणीच पटवून देऊ शकलेले नाही.

म्हणून मी तुमच्याकडे फक्त एवढेच मागते: जे खरे आहे ते लिहा. सही करा. दुसरे काही नको.

तुमची भाची,
देलिया

ता. क. १. मामी विचारतात की तुम्ही वांग्यांना मीठ लावून किती वेळ ठेवत होतात. त्या एक तास ठेवतात आणि मामा दरवर्षी म्हणतात, ताईसारखी होत नाहीत. हे मी मामींना न विचारता लिहिले आहे.

ता. क. २. रुज्जेरोकाकांनी हे पत्र टपालात टाकायची तयारी दाखवली. मी नको म्हटले. मग त्यांनी पाकिटावरचा पत्ता पाहिला आणि सांगितले की पिनकोडमधला शेवटचा आकडा चुकला आहे. चुकला होता.

ता. क. ३. वर "दुसरे काही नको" लिहिले आहे. ते आता दुरुस्त करते. आज सहा वाजता, किनाऱ्यावर कुणी नसताना, मी छत्रीची लोखंडी दांडी घेऊन फितीच्या बाहेर नऊ ठिकाणी वाळूत टोचून पाहिली. (खणले नाही. टोचले.) सात ठिकाणी एक मीटर वीस सेंटिमीटरवर दगड लागला. सातही ठिकाणे एका सरळ रेषेत आहेत, नळापासून समुद्राकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेखालून. पातळीत फरक एक सेंटिमीटरपेक्षा कमी. निसर्ग इतके नीट काम करत नाही. मी भोके बुजवली, वर लाकडी पायवाट सरकवली आणि दात घासून हे पत्र लिहायला बसले. पत्र सुरू केले तेव्हा चोवीस तासांपैकी सव्वा तास संपला होता. मी कुणालाही कळवलेले नाही आणि १६ ऑगस्टच्या सकाळी आठपर्यंत कळवणार नाही. त्यानंतर मी स्वतः डॉ. बेल्मोंते यांच्याकडे जाईन. मामांनाही तेव्हाच सांगेन. या आठवड्यात जे जे पाहिले, त्यातले माझे हे वागणे मला सर्वांत अविश्वसनीय वाटते.

तेव्हा: सिंह काकांच्या शेतातून आला असेल, तर तसे लिहा. वाळूतून आला असेल, तर कृपया लिहा की आठवत नाही. फॅक्स तंबाखूच्या दुकानात चालतो, क्रमांक पाकिटाच्या मागे आहे.

उत्तर १३ ऑगस्टला दुपारी बारापर्यंत पाठवा.