बाराव्या वर्षाआधीची माहिती

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तर मनातल्या मनात चार वेळा लिहिलं, त्यामुळे पाठवलंच आहे असं वाटत राहिलं. कान पकडते.

बातमी चांगली नाही, पण आधी हसून घे. गेल्या आठवड्यात आमच्या लॅबमधून दोन कवळ्या गेल्या. एक निवृत्त न्यायाधीशांची, दुसरी शिवणकाम करणाऱ्या एका आजींची. दोन्ही मीच घडवल्या, आणि चिठ्ठ्या लावताना अदलाबदल केली. दवाखान्यात न्यायाधीशांच्या तोंडात आजींचे बारीक दात लटलट हलले म्हणे, आणि आजींचं तोंड न्यायाधीशांच्या दातांवर मिटेचना. आजी हसल्या. न्यायाधीश नाही हसले.

मालक ओरडले नाहीत, तिथेच मी समजले. सहा महिन्यांतली ही तिसरी चूक. जानेवारीत भट्टीचं तापमान चुकवून एका बाईंचे पुढचे चार दात मी वितळवले होते, ते तुला कळवलं नव्हतं. मालकांनी लेखी ताकीद हातात ठेवली आणि म्हणाले की, तुझ्यासारखे दात कोरणारं माणूस मला मिळायचं नाही आणि तुझ्यासारखं माणूस मला परवडायचंही नाही. जूनअखेरपर्यंत मुदत आहे.

ज्यांचे हे पेशंट, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः लॅबमध्ये आल्या. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. त्यांनी माझ्या टेबलावरची सात अर्धवट कामं आणि तीन गार झालेले चहा पाहिले आणि विचारलं की, हे असं लहानपणापासून आहे का. मग सांगितलं की त्यांना स्वतःला चाळिशीत कळलं. एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची अडचण, जन्मापासूनची. मोठ्या माणसांतही असते, आणि बायकांत बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यांनी एका मनोविकारतज्ज्ञांचा पत्ता दिला. अठरा तारखेची वेळ मिळाली आहे.

त्या डॉक्टरांना वयाच्या बाराव्या वर्षाआधीची माहिती हवी असते, ओळखणाऱ्या माणसाकडून. आई-बाबा नाहीत. उरलीस तू. माझी प्रगतिपुस्तकं तुझ्या कपाटात आहेत ना? पाठवशील? आणि चार ओळी लिहिशील?

लोभ आटू देऊ नकोस, वाढवायचं नंतर बघू.

तुझी
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नोकरीचं वाचून वाईट वाटलं. नवल वाटलं नाही.

स्पष्ट लिहिते. ज्या बाईला मेणाचा एक दात कोरत चार तास मान वर न करता बसता येतं, तिचं लक्ष लागत नाही हे मला पटत नाही. तुझं लक्ष लागतं, पण तुला हवं तिथे लागतं. याला आपल्या घरात बेपर्वाई म्हणत, ते तुला माहीत आहे. आता तिला इंग्रजी नाव मिळालं म्हणून ती बदलत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. मी दुकानांचे वजनकाटे तपासते. गेल्याच आठवड्यात एका दुकानदाराने सांगितलं की त्याचा काटा हवेमुळे खाली जातो. सगळ्यांकडे काही ना काही कारण असतंच. मी शिक्का मारत नाही.

सकाळी तासभर लवकर ऊठ. कामाची यादी कर. एक काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. हे मी तुला तुझ्या सातव्या वर्षापासून सांगते आहे आणि त्यासाठी माझी फी नाही.

प्रगतिपुस्तकं कपाटात आहेत, शोधायला सवड हवी. आणि एक गोष्ट. चुकीला दुखणं म्हटलं की मग ती चूक कुणाचीच उरत नाही. काही चुका कुणाच्या तरी असाव्या लागतात.

जेवणवेळा सांभाळ. माया आहे, म्हणूनच हे लिहिलं.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. दवाखाना एका कुलूपवाल्याच्या दुकानावर आहे. वर जाण्याआधी मी वीस मिनिटं किल्ली घासणं बघत उभी राहिले आणि मग धापा टाकत जिना चढले. उशीर झाल्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांच्या पेशंटांना उशीर होतोच असं त्यांच्या

२३ मार्च

हे पत्र चार दिवस ओट्यावर होतं. तसंच पुढे लिहिते, म्हणजे पुरावाच मिळेल तुला.

दोन तास प्रश्न विचारले. झोप, कामं, बोलता बोलता दुसऱ्याचं वाक्य तोडणं, हरवलेल्या वस्तू. थायरॉइड तपासायला रक्त घेतलं, कारण दुसऱ्या कशानेही असं होऊ शकतं म्हणाले. घाईने नाव द्यायचं नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

तुझा चार तासांचा मुद्दा मी तुझं नाव न घेता विचारला. ते म्हणाले, बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो. लक्ष कमी नसतं. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, हे या माणसांच्या हातात पुरतं राहत नाही. मन जिथे गुंतलं तिथून सुटत नाही, आणि कंटाळवाण्या जागी, मग ती कितीही महत्त्वाची असो, ठरत नाही. मी रडले बिडले नाही. फक्त पिशवी तिथेच विसरून आले आणि परत गेले, तेव्हा त्यांच्या मदतनीस बाईंनी ती आधीच दाराशी आणून ठेवली होती.

ताई, याद्या मी करते. माझ्याकडे याद्यांची यादी आहे.

पुढची भेट नऊ एप्रिलला. तोवर तुझं पत्र पाहिजे. खाली पत्ता दिला आहे, सरळ डॉक्टरांनाच लिही, मला दाखवू नकोस. आणि गोड करून लिहू नकोस. ते सुद्धा लिही. कुठलं ते मी सांगायला नको. अकरा वर्षांत आपण त्यावर एक शब्द बोललो नाही, पण तुझ्या प्रत्येक पत्रात ते असतं.

तुझा राग असला तरी चालेल, पत्र असू दे.

भिंगरी


२ एप्रिल

मा. डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेशंटची मी थोरली बहीण. पाच वर्षांनी मोठी. तिच्या सांगण्यावरून लिहीत आहे. माझा या निदानावर विश्वास नाही, हे आधी नमूद करते. मला जे आठवतं ते मात्र जसंच्या तसं देते.

पहिली ते सहावीची प्रगतिपुस्तकं सोबत आहेत. सहा वेगवेगळ्या शिक्षकांनी शेरा एकच लिहिला आहे: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. दुसरीत तिने तीन छत्र्या आणि एक डावी चप्पल हरवली. चौथीत गणिताच्या पेपरची मागची बाजू उलटलीच नाही. समोरची बाजू पूर्ण बरोबर होती. आठ वर्षांची असताना तिला दूध आणायला धाडलं. दोन तासांनी ती सायकल दुरुस्तीच्या दुकानात सापडली, चाकाच्या तारा मोजत. दूध घ्यायचं आहे हे तिला मला पाहून आठवलं. ती मारामुळे सुधारली नाही. वडिलांनी तोही उपाय केला होता.

दप्तर मी भरत असे. वेणी घालताना दिवसाची कामं मी तिच्याकडून पाठ म्हणून घेत असे. कॉलेजात गेल्यावर मी तिच्या वह्यांवर तारखा घालत असे. पुढे मला नोकरी लागल्यावर रोज सकाळी निघताना तिला काय काय करायचं ते सांगून निघत असे.

आता शेवटचं. ती अठ्ठावीस वर्षांची होती. वडील आजारी होते, आई त्याआधीच गेलेली. मी दौऱ्यावर होते, सात तासांच्या अंतरावर. सकाळी दहाला हॉस्पिटलमधून घरी फोन आला की प्रकृती ढासळली आहे, दोघी मुलींना बोलवा. फोन तिने घेतला. मला कळवून लगेच निघायचं होतं. वडिलांना चष्म्याशिवाय दिसणार नाही म्हणून ती चष्मा शोधू लागली. तो सापडला तेव्हा त्याची काडी तुटलेली होती. ती जोडायला बसली. हॉस्पिटलमध्ये ती चार वाजता पोचली आणि मला फोन केला सहाला. वडील रात्री आठला गेले. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. चष्मा उत्तम जोडला होता.

तिने कधी सबब सांगितली नाही, क्षमाही मागितली नाही. हे लक्षण की चूक, ते आपण ठरवावं.

हे लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली, ती लपवणं बरोबर नाही. त्या दिवसापर्यंत तिची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट मी आठवण करून दिल्यावरच झाली होती. त्या दिवशी आठवण करून द्यायला मी नव्हते.

कळावे.

आपल्या पेशंटची बहीण


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निदान झालं. एडीएचडीच आहे. तुझ्या पत्राची फार मदत झाली असं डॉक्टर म्हणाले, आत काय आहे ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्यात भूक मेली, तोंड कोरडं आणि झोप गायब. त्यांनी मात्रा कमी केली, नाडी आणि रक्तदाब बघितला, मग गोळी मानवली. चमत्कार काही नाही. एवढंच की चिठ्ठी लिहायला घेतली तर ती लिहून होते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी उरलेला दिवस धास्तावलेली होते, काहीतरी राहिलंय असं वाटून.

गोळी एकटी पुरत नाही. दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्यांनी मला मालकांशी बोलायला लावलं. मालकांनी आधी, म्हणजे आता माझ्या वेंधळेपणालाही औषध आहे का बघ, अशी थट्टा केली. मग बसून ऐकलं. आता माझ्या टेबलावर एका वेळी एकाच पेशंटचं काम असतं, चिठ्ठी साच्यालाच चिकटवायची, आणि काम बाहेर जाण्याआधी शेजारच्या टेबलावरचे काका नजर टाकतात. त्यांच्या कामावर मी टाकते. परवा त्यांचीच एक चूक सापडली, ते दिवसभर फुगून बसले.

आता ते. ताई, अकरा वर्षं मी एकच विचार करत आले. ज्याला खरी काळजी असते, तो विसरेल का? मी विसरले, म्हणजे बाबांवर माझी माया नसणार. म्हणून मी क्षमा मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागू? डॉक्टरांना हे सांगितलं. तुझी चूक नव्हती असं ते म्हणाले नाहीत, बरं झालं. ते म्हणाले, काळजी असणं आणि वेळेवर आठवणं ही मेंदूची दोन निराळी कामं आहेत. एकावरून दुसऱ्याची परीक्षा करू नये.

तेव्हा मागते. तुला मी दहा वाजता फोन करायला हवा होता. केला नाही. तुझी बाबांशी शेवटची भेट माझ्यामुळे हुकली. ही क्षमा माझ्या दुखण्याने मागितलेली नाही, मी मागितली आहे.

यावर लोभ ठेवायचा की नाही, तू ठरव.

भिंगरी


३० मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र महिनाभर जवळ ठेवलं. या खेपेला विसरभोळी तू नाहीस.

आपण देवाणघेवाण करणाऱ्या बहिणी नाही, पण तू खरं लिहिलंस तर मलाही लिहिणं भाग आहे. मी पोचले त्या रात्री वॉर्डातल्या नर्सबाईंना विचारलं होतं की बाबा काही बोलले का. त्या म्हणाल्या, नाही. फोन केला त्याच्याही आधी, पहाटेच, त्यांची शुद्ध गेली होती. ती परत आली नाही. त्यांना कुणाची वाट पाहता आली नाही, चष्मा लागला नाही, काही कळलं नाही.

तुला मी नर्सबाईंच्या नावावर सांगितलं की तू येण्याआधी ते दिवसभर माझं नाव घेत होते, दाराकडे बघत होते. तू चार वाजता गेलीस तेव्हा थकून झोपले होते, असंही सांगितलं. ते खोटं होतं. मी ते घराच्या जिन्यात रचलं आणि वर येऊन तुला सांगितलं. मला तुला दुखवायचं होतं आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. पुढे कधीतरी सांगेन म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली.

त्यांचा हात धरायला मिळाला असता, तो मिळाला नाही, हे खरंच आहे. त्याबद्दल तू क्षमा मागितलीस, ती मी घेतली. पण तुझी चूक विसरून झाली होती. माझी पूर्ण लक्ष देऊन केलेली आहे. तिला कुठला डॉक्टर नाही.

तुझ्या दुखण्याबद्दल ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणून वाचली. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते मागे घेते.



ताई


२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला तीन तारखेला मिळालं.

आधी नोकरीचं. मालकांनी ताकीद फाडली नाही, पण फाइलच्या तळाशी घातली आणि मला कायम ठेवलं. मे महिन्यात माझी एक चूक झाली, काकांनी दारातच धरली. अशा होत राहतील. गोळी संपायच्या वेळेला संध्याकाळी अजून मी चहा ठेवून गॅलरीत जाते आणि भांडं जाळते. या महिन्यात दोन जाळली.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी कामावर गेले आणि नीट काम केलं. दुसऱ्या दिवशी मात्र फार राग आला. बाबा दाराकडे बघत पडले आहेत, हे चित्र मी अकरा वर्षं डोळ्यांसमोर वागवलं. ते कधी घडलंच नव्हतं. समुपदेशक बाई म्हणाल्या की एवढा वेळ टिकणारा राग तुझ्या बाबतीत नवा दिसतोय. खरं आहे. माझा राग भडकतो आणि विझतो. हा विझला नाही. मग आठवडाभराने त्याच्या बाजूला दुसरंही काही येऊन बसलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, हे कळल्यावर मी सरळ दहा तास झोपले.

तुला क्षमा केली असं आज लिहीत नाही. करीन असं वाटतं. पुढच्या महिन्यात चार दिवस रजा काढून ये. मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि ते पत्रात नीट जमत नाही. माझी गादी तुला, मी खाली झोपेन.

एक सांगायचं राहू नये. उत्तर यायला चोवीस दिवस लागले तेव्हा तू म्हणाली असशील की झालं, विसरली. नाही. एकही दिवस विसरले नव्हते. रोज आठवत होतं आणि रोज ठरवून लिहिलं नाही. आज ठरवून लिहिलं.

लोभ माझ्याकडे आहे, तुझा असू दे.

भिंगरी