चार नंबरच्या डब्याचे आठ मार्क

मंगळवार, ६ जानेवारी
पाणी आलं, आठव्या दिवशी. टाकी, पिंप, बादल्या, आणि सौ.च्या हुकमावरून पातेलीसुद्धा.
संध्याकाळी खलीलभाईंचा फोन. आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबचे सेक्रेटरी, एरवी शाहगंजात इलेक्ट्रिकचं दुकान. यंदाच्या प्रदर्शनात मालडब्यांचा परीक्षक मी. वीतभर लांबीचे मालगाडीचे डबे, पोटात नखाएवढा स्पीकर. पन्नास मार्क बारकाव्यांना, पन्नास आवाजाला. म्हटलं, केतकीचाही डबा आहे यंदा. मुलगी स्पर्धेत आणि बाप परीक्षक, लोक काय म्हणतील? हसले. "कुलकर्णी साब, आपकू सब जानते. आप बेटी कू झुकता माप देंगे? उल्टा मेरेकू उसकाच टेन्शन है."
तरी पडदा लावणार आहेत. डबे पडद्यामागे धावणार, मी नुसतं ऐकायचं. नंतर टेबलावर बघायचे, तेही फक्त नंबर, नावं नाहीत. उत्तम.

गुरुवार, ८ जाने.
के. दिवसभर आतल्या खोलीत. पुण्याची नोकरी सोडून दिवाळीआधी घरी आली. आता म्हणते, हे डबे आणि त्यांचे आवाज बनवून विकायचे, हाच धंदा. सौ. यावर गप्प असते. मी गप्प बसत नाही, घरातली अडचण ती.
जेवताना म्हणाली, "बाबा, एक मागते. या वेळी माझा डबा माझा म्हणून बघू नका. जसा आहे तसा बघा."
म्हटलं, तीस वर्षं वाळूजला कारखान्याच्या क्वालिटीत काढली, दुसरं काय केलं मी?
"पोळ्याला मी मातीचा बैल केला होता तेव्हा तुम्ही व्हर्नियर लावून शिंगं मोजली होतीत."
सौ. हसली. के. नाही हसली.
(डावं शिंग खरंच आखूड होतं.)

रविवार, ११ जाने.
के. आणि जाधव सकाळीच पोटूळ स्टेशनला, मालगाडीचे आवाज टिपायला. जाधव फुलंब्रीचे, घरची शेती, रोज इथं विमा कंपनीच्या ऑफिसात येऊन-जाऊन. क्लबात पहिलंच वर्ष. येताना हुरडा घेऊन आले. मी विचारलं, मिळाला का आवाज? "गाडी मिळाली साहेब, पण वारं लई. मह्या मशीनमधी नुसती घरघर हाये." के.चं मशीन चांगलं, तिला मिळालं म्हणे.
काय मिळालं ते विचारलं नाही. परीक्षक आहे.

बुधवार, १४ जाने.
संक्रांत. गूळपोळी. सौ. वाणाच्या गडबडीत.
के.च्या खोलीवरून जाताना पाय थांबला. आत डबा चालू होता. दाराची साखळी डब्यावर आपटते तसं छन-छन दोनदा, मग ब्रेकची हवा सुटल्याचं फुस्स, आणि अगदी शेवटी लोखंड कण्हल्यासारखं. जिथं थांबलो होतो तिथंच उभा राहिलो. लगेच निघायला हवं होतं, निघालो नाही. फार आवडलं.
सांगता येत नव्हतं. परीक्षक नसतो तर सांगितलं असतं का, कोण जाणे.

शनिवार, २४ जाने.
उस्मानपुऱ्यातल्या शाळेचा हॉल. पडदा म्हणजे खलीलभाईंच्या घरची हिरवी चादर. सहा डबे. भरलेला की रिकामा, एवढंच खलीलभाई आधी सांगणार.
नं. १: रिकामा डबा आणि आवाज भरलेल्याचा. तिथंच संपला.
नं. २: धान्य भरलेला बंद डबा. रुळाच्या प्रत्येक सांध्यावर खाली दबणारा धप्प. एका चाकाला चपटा डाग, त्यामुळे मधेच एक जास्तीचा ठोका. हे कुणाला सुचलं? ब्रेकचं फुस्स जरा लांबलं. ५० पैकी ४४.
नं. ३: ठीक.
नं. ४: छन-छन. फुस्स. कण्हणं.
ओळखला. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू. मनात ४५ आले. मग वाटलं, ४५ लिहिले आणि उद्या नाव उघडलं की अख्खा हॉल माझ्याकडे बघणार. बापाने पोरीला वर चढवलं, हे कुणाला म्हणू द्यायचं नाही. ३७ लिहिले. पेन अडखळलं पण लिहिले.
मग टेबलावरचे बारकावे, भिंग घेऊन. नं. २ च्या दारावर हमालाने खडूने केलेल्या खुणा, गंज फक्त जिथं पाणी साचेल तिथंच. शिडीची एक पायरी जाड. नं. ४ रंगात उजवा, बोल्ट चोख. बारकाव्यांत काहीही कापलं नाही. तेवढं तरी.

रविवार, २५ जाने.
नावं उघडली.
नं. ४ जाधवांचा.
नं. २ के.चा. पहिला नंबर के. चार मार्कांनी पुढे.
टाळ्या. खलीलभाई माझ्या पाठीवर थाप मारून, "देखो, पडदे के पीछे बी बेटी बेटीच रहती!" मी हसलो. कसा हसलो असेन मलाच माहीत नाही.

मंगळवार, २७ जाने.
घरात सण. सौ.ने गुलमंडीवरून इमरती आणली. पहिल्या नंबराला नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात टेबल मिळतं, तिथं गिऱ्हाइकं येतात. के. फोनवर मैत्रिणींना तेच सांगत होती. तिला इतकं बोलताना दिवाळीपासून ऐकलं नव्हतं.
मला म्हणाली, "बाबा, खरं सांगा, माझा ओळखला नव्हतात ना?"
"नाही."
खरंच नव्हता ओळखला. एवढं खरं बोलूनही इमरती तशीच बशीत ठेवली.

गुरुवार, २९ जाने.
सौ. मेथी निवडत होती. मीही बसलो निवडायला. पानांऐवजी काड्या तिच्या टोपलीत टाकल्या तेव्हा तिने विचारलं, "काय झालंय?" सगळं सांगितलं.
"म्हणजे तुम्ही केतकीचे आठ मार्क कापले."
"जाधवांचे कापले गं."
"कागदावर जाधवांचे. मनात कुणाचे?"
मी पुढची जुडी सोडली.
"आधी तिला सांगा. मग बाकीच्यांना."

शुक्रवार, ३० जाने.
सांगितलं.
ऐकून म्हणाली, संक्रांतीला दाराखालून तुमचे पाय दिसले होते. तुम्ही आवाज ओळखाल म्हणून तो काढून टाकला, पुन्हा पोटूळला जाऊन नवा आणला. जुना जाधवदादांना देऊन टाकला, त्यांचा वाऱ्याने गेला होता ना. क्लबात चालतं, आवाज कुणाचाही घ्या, बसवायचा आपण.
मुलीने इतका विचार केला, बापाने किती थोडा.
"म्हणजे परकी असले की चव्वेचाळीस," ती म्हणाली, "आणि तुमची असले की सदतीस."
म्हटलं, केतकी, मला चार नंबरही फार...
दार लावून घेतलं तिने.

शनिवार, ३१ जाने.
खलीलभाईंच्या दुकानात गेलो. जाधवांनाही बोलावून घेतलं. उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर जमलं नसतं.
खलीलभाई म्हणाले, "या अल्ला. बेटी समझ के काटे, और कट गया बेचारा जाधव."
जाधव चिडतील असं वाटलं होतं. चिडले, पण भलत्याच गोष्टीवर. "साहेब, चार दिस झालं म्या डबा खोलून बसलोय. म्हन्लं आवाजात कुठं खोट हाये ते साहेबांना ऐकू आलं, मला येईना. तारा बदलल्या, स्पीकर बदलला. खोट नव्हतीच?"
"नव्हती."
"मंग तवाच सांगायचं ना हो. बायको म्हन्ती, तुमच्यावर भूत बसलं काय."
माफी मागितली. चहा आला. जाधवांनी माझ्या कपात बिस्किट बुडवून दिलं, म्हातारा समजून. बरं वाटलं त्याचंही.
ठरलं: २ आणि ४ पुन्हा ऐकायचे, तोच पडदा, दुसरे तिघे परीक्षक. रविवार, ८ तारीख. या दोन डब्यांचे माझे आवाजाचे मार्क रद्द. के.चा पहिला नंबर सध्या तरी कुणाचाच नाही.
घरी येऊन हे तिला सांगायचं काम सर्वांत अवघड होतं. तिने मान हलवली. "बरोबर आहे," एवढंच.

मंगळवार, ३ फेब्रु.
पाणी आलं. के. बोलते ते सौ.मार्फत. "आई, बाबांना विचार मोटार बंद करू का." मी समोर नळी धरून उभा.
मीही सौ.मार्फत, "करू दे."
सौ. म्हणाली, मला दोघांनी पगार द्या.

गुरुवार, ५ फेब्रु.
जाधव आले होते, के.कडे. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. जाताना मला म्हणाले, "ताई म्हन्त्यात, पैल्या आल्या तर नागपूरच्या टेबलावर मह्या डब्यालाबी जागा. म्याबी तेच म्हन्लं त्यान्ला." मग चप्पल घालता घालता, "साहेब, पोरीवर लई कडक राहू नका. तिला कळत असतं सगळं."
व्हय, म्हटलं. त्यांच्याच भाषेत निघालं तोंडून.

शनिवार, ७ फेब्रु.
दुपारी गॅलरीत पेपर वाचत होतो. के. आली, डबा आणि मार्कांच्या कागदाची झेरॉक्स घेऊन. रुळाचा तुकडा टेबलावर ठेवला, डबा चालू केला. पडदा नाही, नंबर नाही.
"आता सांगा. माझा आहे म्हणून जास्त नाही, माझा आहे म्हणून कमी नाही."
दोनदा ऐकला. मग म्हटलं, फार चांगला आहे. चाकाच्या डागाचा तो ठोका मी क्लबात इतक्या वर्षांत कुणाच्या कामात ऐकला नाही. मला तुझा अभिमान वाटतो, आणि जुना आवाज दाराबाहेर ऐकला तेव्हाही वाटला होता. तेव्हाच आत यायला हवं होतं.
ती खाली बघत होती. मी थांबायला हवं होतं, पण सवय. म्हटलं, शिडीची एक पायरी जाड आहे, आणि ब्रेकचं फुस्स लांबतं.
वाटलं, घालवलं सगळं. पण तिने मान वर केली. "पायरी मान्य. ब्रेक नाही. तो तेवढाच लांब असतो. भरलेल्या गाडीची हवा अशीच सुटते. तुम्ही चुकलात."
"असं कसं? मी ऐकलंय."
"कुठं ऐकलंय? कधी उभे राहिलात भरलेल्या मालगाडीपाशी?"
विचार केला. वाळूजला पार्ट मोजले, रेल्वेतून प्रवास केला, मालगाडी कायम खिडकीतून पलीकडे जाताना. जवळ उभा असा... नाही.
"नाही राहिलो," म्हटलं.
खाली भाजीवाला ओरडत होता. तिने डब्याची पायरी घासायला बारीक कानस घेतली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं, धरा म्हणून. धरलं.
उद्या दहा वाजता निकाल. ती पहिली येईल, जाधव येतील, मला काहीही सांगता येत नाही. खरंच येत नाही.
उठताना म्हणाली, उद्या तिकडचं आटोपलं की पोटूळला जाऊ, तुम्ही आणि मी. ऐका स्वतः. गाडी थांबेलच असं नाही पण.
म्हटलं, थांबेपर्यंत बसू.