डबीतल्या सवती

काटोल, ९ नोव्हेंबर २०२५

चि. वेदिकास, बायजा आजीचे आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू लगेच ठेवू का म्हणून विचारते. पत्राले तसं विचारता येत नाही, म्हणून पत्र. मले अक्षर येत नाही. हात माझ्या धाकट्या जावेचा, सुभद्रेचा. ती मधेच आपलं शहाणपण घुसवीन, ध्यान ठेवजो.

नागपूरहून काटोल असं किती लांब आहे वं? दिवाळीलेही आली नाही. त्या प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या पेशी वाढवून राहिली म्हणे. दर दोन दिवसांनी त्यांचं खाणंपाणी बदलायचं, ऊब द्यायची. डबीत राहणाऱ्या, डोळ्याले न दिसणाऱ्या त्या सवतींचे एवढे लाड! मी तर चांगली धडधडीत दिसते.

इथंही तेच. सुभद्रेले लघवीचा ताप आला तर डॉक्टरनं सात सुया लिहिल्या. मले तोच ताप आला तर नुसत्या गोळ्या. काहून? तिचा ताप खानदानी अन् माझा रस्त्यावरचा? असो. आता माझं बरं होऊन राहिलं. कसं, ते विचारू नको.

सवतींना पाजून माया उरली तर इकडे धाड.

तुझी,
बायजा आजी

ता. क. हे जाऊबाईंना वाचून दाखवलेलं नाही. माझी डॉक्टरांची जुनी चिठ्ठी त्यांनी डब्यातून पळवली आणि गल्लीतल्या कंपाउंडरकडून पाच जेंटामायसिनच्या सुया टोचूनही घेतल्या. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली म्हणतात. रागावू नकोस हं. सुभद्रा.


नागपूर, १३ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

काल पत्र मिळताच फोन केला, तर सातवी सुईही झालेली. तपासणीला चल म्हटलं, तर सात सुयांनी सुभद्रेला काही झालं का असं विचारून तू फोनच ठेवलास. म्हणून हे पत्र माझ्या मैत्रिणीच्या, मोनालीच्या, भावाबरोबर आजच पाठवते. सुभद्रा आजी, मोठ्यानं वाच.

आजी, तू चोरून घेतलेलं औषधच मी त्या पेशींवर थेंबथेंब टाकून बघते. प्रत्येक पेशीत बारीक चुली असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. फार जुन्या काळी ते जंतूच होते, पेशीत राहायला आले आणि घरचेच झाले, असं मानतात. जंतू मारायला निघालेलं औषध कधीकधी त्या जुन्या नात्यापायी या चुलीही विझवतं. मूत्रपिंडाच्या पेशी हे औषध ओढून साठवतात, आणि त्यांना राबावंही फार लागतं. चूल विझली की त्या मरतात.

सगळ्यांचं असं होत नाही. म्हणून तर डॉक्टर आधी रक्त तपासतात. सुभद्रा आजीचं चांगलं निघालं. तुझं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याचं सांगणारा आकडा, गेल्या वर्षीच वाढलेलं होतं. त्यांनी तुला कमी नाही लेखलं, जास्त जपलं.

उद्या पहिल्या बसनं येते. लुगडं नेसून तयार राहा. इथं नागपुरात, रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. रुसायचं ते बसमध्ये रूस.

तुझीच, सवतींची नव्हे,
वेदिका


काटोल, ७ डिसेंबर २०२५

चि. वेदूस, आजीचे आशीर्वाद वि. वि.

कालच्या रिपोर्टात आकडा अजून उतरला. डॉक्टर म्हणते, पुरता खाली येईन का ते सांगता येत नाही. पण रक्त धुवायची मशीन लावायची पाळी टळली. पाणी मापून पिते, सुई पाहिली की तोंड फिरवते. कंपाउंडरले सुभद्रेनं असं झाडलं की तो आता गल्ली बदलून जाते.

दवाखान्यात आठ दिवस तू माझ्या उशाशी बसली. सुभद्रा जळून कोळसा झाली. हे मी तिलेच लिहायला लावून राहिली. (खोटं आहे. सुभद्रा.)

पण तुझी मैत्रीण मोनाली भेटायला आली तेव्हा बोलून गेली. घाईत तू त्यांना पाजायचं कोणाले सांगून आली नाही, अन् तुझ्या साऱ्या पेशी उपाशी मेल्या. तीन महिन्यांचं काम गेलं. तुले डबीपासून ओढायचं होतं, ओढलं. जिंकली मी. पण वेदू, जिंकल्यावर गोड लागते म्हणतात, तसं काही लागलं नाही.

आता नव्या पेशी लावल्या म्हणे. तर पुढच्या रविवारी येऊ नको. त्यांचं खाणंपाणी बदल. फक्त मोठ्या सवतीचा मान राहू दे: डबीवर माझं नाव लिही. मले वाचता येत नाही, पण तुले दर दोन दिवसांनी वाचावं लागीन.

लोभ आहेच, थोडा त्यांनाही दे.

तुझी,
बायजा आजी