चाचणीच्या बाह्या

ता. ९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इथे सगळं ठीक. घरमालकिणीने जिन्यातला दिवा एकदाचा बदलला, त्यामुळे पडून हातपाय मोडायची सोय राहिली नाही.

माझी नोकरी पक्की झाली की माझ्या ठमीला सुट्टीनंतर तुझ्याकडून इकडे आणायचं, असं आपलं ठरलं होतं. म्हणून तू विचारतेस. सांगते, पण भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

त्या गणवेश शिवणाऱ्या कंपनीत आधी मुलाखत झाली. मग चाचणी, कोटांना बाह्या लावून दाखवा. दाखवल्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, हात चांगला आहे, पण सफाई बघायला हवी, परत या. परत गेले तर म्हणे आता वेग बघू. मग नव्या साहेबांनी पाहिलं नव्हतं म्हणून पुन्हा. दर वेळी पुढ्यात कोटांची थप्पी आणि मला फक्त बाह्या. शेजारच्या मशीनवर एक चष्मेवाल्या काकू, त्यांचीही चाचणीच, त्यांना फक्त कॉलर. पलीकडची नुसती काजं करायची. आम्ही एकमेकींकडे चोरून बघायचो. हिने माझी जागा पटकावली तर, एवढंच डोक्यात. चाचणीचे पैसे कोण मागतं गं?

परवा निकाल विचारायला गेले. दाराजवळच्या टेबलामागची मुलगी नवा कोट घालून बसली होती. बाही बघितली आणि लगेच ओळखली. खांद्याची शिवण आईसारखी दुमडून परत मारायची माझी सवय तुला माहीत आहे. ती तशीच्या तशी. कॉलर काकूंची. आत पाहिलं तर खोकी बांधून तयार. अख्खी ऑर्डर आमच्या चाचण्यांवर निघाली, ताई. हसावं की रडावं कळेना.

तू असतीस तर टेबल उलटं केलं असतंस. मी काय म्हणाले माहितेय?

"हात वर करून बघा जरा. काखेत ओढत नाही ना?"

तिने केला वर. "नाही हो, मस्त बसलाय. तुमची पुढची चाचणी सोमवारी आहे."

आणि मी जाणार आहे. घाल शिव्या. दुसरं कुणी बोलावतच नाही. कधीतरी त्यांना खरंच माणूस लागेल, असं स्वतःला सांगते. मलाच पटत नाही.

तेव्हा ठमीला आणू नकोस. तिने बॅग भरून दाराशी ठेवलीये म्हणालीस, ती सोडव. ती झोपल्यावर नको, तिच्यासमोरच सोडव, नाहीतर सकाळी उठून शोधत बसेल. मला खोटारडी म्हणाली तर म्हणू दे.

मागे फोनवर तिने तुला आई म्हणून हाक मारली आणि तू घाईघाईने भाऊजींच्या गुडघ्याचं काढलंस. ऐकलं मी. फार रडले. पण आता तिला टोकू नकोस, तुलाच आई म्हणू दे.

तिच्या हाताचं माप तेवढं पाठव, वाढली असेल. मावशीने कोट शिवलाय म्हणून सांग.

तुझी,
धाकटी