यादीत नसलेली गल्ली

६ ऑक्टोबर, सोमवार

यादी लागली! कचेरीच्या फळ्यावर तीन पानं, टाचण्यांनी टोचलेली. पुरात नुकसान झालेल्यांना सरकारी सवलतीचं कर्ज, पण वस्तीचं नाव यादीत असेल तरच. कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. ‘हुडकेश्वर’ या मथळ्याखाली नऊ ले-आउटची, म्हणजे वस्त्यांची, नावं. आपलं मैत्री ले-आउट नाही. वरून खाली वाचलं, मग खालून वर. नाहीच.

उरलेली पानं गावांची — बेलखेडी, सोनारवाही आणि अशीच. त्यांच्याशी आपला काय संबंध? तरी सवयीने तिन्ही पानांचे फोटो काढून ठेवले.

घरी आले तर इंदूमावशी फाटकातच.

“बसते का वं आपली वस्ती त्याच्यात?”

उद्या नीट पाहून सांगते म्हटलं. खोटं बोलले. नीट पाहिलंच होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं नाही अजून.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आईची मैत्रीण, समोरच्या घरातली. पुढच्या खोलीत पिठाची चक्की — नवरा गेल्यावर तिने एकटीने चालवली, चोवीस वर्षं. आई वारल्यानंतर महिनाभर माझ्या दारात रोज झाकलेलं ताट यायचं. ताट ठेवायची, कालचं घेऊन जायची.

तेरा सप्टेंबरला नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं ते कमरेपर्यंत. चक्कीची मोटर दीड दिवस बुडून होती. मागची भिंत बसली. पोत्यांतलं लोकांचं दळण फुगून फुटलं. मावशीने प्रत्येकाला धान्य भरून दिलं, स्वतःच्या डब्यातलं. नको नको म्हणत असताना.

सौरव — तिचा मुलगा, पुण्याला असतो — तेव्हापासून तिला ये म्हणतो आहे. कर्ज मिळालं तर मोटर आणि भिंत. नाही तर घर विकून पुणं. इतकं सरळ आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आपली गल्ली यादीत का नाही, ते आज लक्षात आलं. भांडी घासता घासता एकदम! हात तसेच थांबले.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दरवर्षी गल्लीत बाहेरगावचे पाहुणे उतरतात. दीक्षाभूमीवर जायचं, रात्री आपल्याकडे टेकायचं. यंदा सगळ्या भिंतींवर कमरेइतकी चिखलाची रेघ. मीच म्हटलं होतं, पाहुण्यांना या रेघेखाली जेवायला बसवायचं का? मीच चुना आणला. निळीची पुडीही. अठ्ठावीस तारखेच्या रविवारी बावीस घरं एका दिवसात पांढरी झाली. शालिकरामकाका शिडीवरून ओरडत होते, “मॅडम, निवडनुकीले उभ्या राहा जी! चुना लावनं तं जमलंच!” केवढे हसलो होतो सगळे. पुरानंतर पहिल्यांदा.

आणि तीस तारखेला सर्वेक्षणवाली दोन मुलं आली. पाणी कुठवर होतं? इथवर — बायकांनी कमरेवर हात ठेवून दाखवलं. खूण? खूण कुठे होती! त्यांनी पांढऱ्या स्वच्छ भिंतींचे फोटो काढले आणि गेले.

रेघ मी पुसली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मावशीला सांगितलं. यादीचंही, चुन्याचंही. सगळं.

ती मोटरीचं झाकण काढून उन्हात ठेवत होती. रोज ठेवते. वाळली की चालेल असं अजून वाटतं तिला.

“तू पाह्यलं नं नीट?”

“दोनदा.”

“मंग नसन.” झाकणाची बाजू पालटत म्हणाली, “काहून तोंड पाडून राहिली? चुना तं मीबी लावला. मायी भिंत तं मीच पांढरी केली.”

तिने समजूत काढली म्हणून आणखीच वाईट वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं का? की मला फक्त सुटका हवी होती?

१३ ऑक्टोबर, सोमवार

कचेरीत पुन्हा. खिडकीतले कारकून वयस्कर, चष्मा कपाळावर. वैतागलेले पण वाईट नाहीत.

“मौजा? गाव कोणतं?”

“हुडकेश्वर,” मी ठासून सांगितलं.

त्यांनी बोट फिरवत पान पाहिलं. “मैत्री ले-आउट... नाही आहे, मॅडम.”

मी घराच्या कागदांचं विचारलं, आणू का? म्हणाले, वस्तीच यादीत नाही तर कागद घेऊन मी काय करू? मी शालिकरामकाकांच्या मोबाइलमधला पुराचा व्हिडिओ दाखवला. अंधार, पाण्याचा आवाज आणि काकांचा आरडाओरडा. “हे कुठलंही पाणी असू शकते नं. भिंतीवरच्या खुणेचा फोटो जोडा आणि हरकत नोंदवा. अर्जाची शेवटची तारीख एकतीस.”

खुणेचा फोटो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चुकले मीच. काकांना ‘खूण’ हा शब्द सांगायला नको होता.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसले होते ते. सिटीबसमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जातो.

“रेघच पायजे नं त्याहीले? काढून देऊ! नाल्यात चिखल हाय, फुकट हाय. दोरी धरतो, सुताले सूत लावून काढतो.”

बायका हसल्या. मावशी हसली नाही, माझ्याकडे पाहत होती.

मी नाही म्हटलं.

“पानी खोटं होतं का, मॅडम?”

“पाणी खरं होतं, काका. रेघ खोटी असेल.”

“खरी रेघ तुम्हीच पुसली, अन् आता खोटी काढू देत नाई!”

काकांनाही लगेच कसंसं झालं. जाताना म्हणाले, मनावर घेऊ नका जी. मनावर न घेता ते कुठे ठेवायचं?

१५ ऑक्टोबर, बुधवार

विचार करकरून डोकं दुखलं. मी प्रामाणिक आहे, की आपल्या हातांना चिखल लागू नये एवढंच बघते? माझी नोकरी आहे, माझं घर उभं आहे. नाही म्हणणं मला स्वस्त पडतं. किंमत मावशी देणार.

तिला सरळ विचारलं, “तू म्हणशील तर काढू रेघ.”

“तुयी माय असती तं काय म्हनली असती?”

 

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हरकतीचा अर्ज लिहिला. चुना का लावला, कधी लावला, सगळं खरं खरं. बावीस सह्या. फोटोच्या जागी ‘उपलब्ध नाही’.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. सौरव आला आहे. वाईट मुलगा नाही, असता तर सोपं झालं असतं. आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “मेघाताई, तुम्हीच सांगा आईला. तुमचं ऐकते ती. मागची भिंत पडलेली, एकटी झोपते. मला तिकडे झोप लागत नाही.” मनीषनगरचे एक गृहस्थ प्लॉट घ्यायला तयार आहेत. त्यांना घर नको, चक्की तर नकोच.

म्हटलं, एकतीसपर्यंत थांब.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तर नाही. चौकशीला गेले. हरकत ‘प्रक्रियेत’ आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्तर नाही. सहा वाजता कचेरी बंद झाली. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उगाच बसून राहिले. कुलूप लावणाऱ्या शिपायाने विचारलं, कोणाची वाट पाहता?

मावशीला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. घरी येऊन सांगितलं.

“बरं,” म्हणाली. मोटरीचं झाकण आत उचलून ठेवलं. उन्हात ठेवायला आता बाहेर काढणार नाही, हे मला तिथेच कळलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

चक्की काढली. भंगारवाले दोघं आले होते. वरचा दगड सुटेना. मावशीने त्यांना बाजूला केलं, पान्ह्याने दोन ठिकाणी ठोकलं, आणि दगड सुटला. “चोवीस साल म्याच खोलला याले. तुमचं नाई ऐकनार.”

दगडाखाली पीठ होतं, पुराच्या आधीचं. घट्ट, पिवळं, लादीसारखं झालेलं. मावशीने नखाने टोकरलं, वास घेतला. “ज्वारी आहे. कोनाची असन?”

कोणाची असेल ते आठवायचा प्रयत्न करत राहिली. टेम्पो निघून गेला तरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रजिस्ट्री झाली. मला कॉलेजात परीक्षेची ड्यूटी, जाऊ शकले नाही. खरं म्हणजे ड्यूटी बदलून मिळाली असती. मागितली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मावशी गेली. दोन बॅगा, एक स्टीलचा डबा, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून मांडीवर. गल्लीतल्या बायका रडत होत्या. शालिकरामकाका रिक्षाच्या मागे उभे राहून कंडक्टरसारखी दोनदा थाप मारून म्हणाले, “जाऊ द्या!” आणि तोंड फिरवलं.

निघताना तिने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. घराचे जुने कागद. “तो मनीषनगरवाला बुधवारी येनार हाय, त्याले देऊन देजो. द्याच्या आंधी वाचून घेजो. तू वाचते नं नीट.”

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आठला चक्की सुरू व्हायची. पट्ट्याचा फटफट आवाज यायचा आणि मी चहाखालचा गॅस बंद करायची. आज चहा उतू गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पिशवी द्यायच्या आधी पानं मोजायला बसले. मावशीचं विक्रीपत्र, १९९४ चं. पहिल्याच परिच्छेदात: मौजा बेलखेडी.

हुडकेश्वर नाही. बसवर, आधारवर, गॅसच्या पुस्तकावर, सगळ्यांच्या तोंडात हुडकेश्वर. सरकारी दप्तरात आम्ही बेलखेडीचे. माझ्या घराचे कागद काढले. तेच. मोबाइलमधला सहा ऑक्टोबरचा फोटो मोठा केला. दुसरं पान, बेलखेडी, चौथं नाव: मैत्री ले-आउट.

चुन्याने काहीच बिघडलं नव्हतं.

संध्याकाळी मावशीचा फोन. सौरवच्या गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणाली. मग म्हणाली, “एक बरं झालं वं मेघा. तू तपासलं होतं, म्हून मनात काई राह्यलं नाई.”

मी म्हटलं, “हो मावशी.”