धक्क्यावरचा नकार

प्रिय तालिता,

माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळं ठीक आहे. कोनफळं यंदा मांडीएवढी झालीत. माझ्या विणलेल्या चटयांना चर्चमधल्या बायका अजून नावं ठेवतात.

तीन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही मी. आकाशातून तो दगड पडला आणि शेजारच्या बेटावरच्या माणसांत ती परकी बुरशी शिरली, तेव्हा आम्हाला वाटलं, रोग आहे तर ताप येईल, माणूस खंगेल. तू, आपल्या दवाखान्यातली चोवीस वर्षांची नर्स, एकटीच घसा फोडून सांगत होतीस, की ही बुरशी माणसाला लाघवी करते. त्याला माणसांत जावंसं वाटतं, सगळ्यांना मिठ्या माराव्याशा वाटतात आणि नवव्या दिवशी मानेची कातडी फुटून भुकटी उडते.

आठ दिवस तिकडे मासेमारीला गेलेले तुझे बाबा परतले, ते होडीतूनच हसत, धक्क्याकडे हात हलवत. "तालिता, माझी गुणाची लेक! दोर टाक ना, बाळा!" मी धावले. तू माझा दंड धरलास. "आई, बाबा कधी असं बोललेत?" खरंच, कालवण खारट झालं, यापलीकडे त्या माणसाने जन्मात तुला काही म्हटलं नव्हतं. तू भोंग्यावरून तीनदा म्हणालीस, "बाबा, मागे फिरा." आवाज एकदाही कापला नाही. बऱ्याच वेळाने होडी वळली. आणि मी गावादेखत तुला बापाची मारेकरी म्हटलं. पुढच्याच बोटीने तू ऑकलंडला गेलीस.

आपल्याच बेटावरच्या पलीकडच्या गावाने अशी परतलेली आपली माणसं आत घेतली होती. तिथे आता कुणी नाही. इथे आपण तीनशे बारा जण जेवतोय, भांडतोय.

सोमवारी वावाउ बेटांवरच्या शोधपथकाला एका ओसाड बेटावर बाबांची होडी आणि त्यांची हाडं सापडली. बुरशी केव्हाच वाळून मेलेली. परतता येऊ नये म्हणून इंजिन त्यांनी स्वतः सोडवून खोल पाण्यात टाकलं होतं. फळीवर चाकूने कोरलंय, "पोरगी हट्टी आहे. बरोबर केलं." वाचून मी रडले नाही गं, ऊर अभिमानाने भरून आला. ती बुरशी आत शिरलेली असतानाही तो माणूस स्वतःचाच राहिला, आणि त्याला तू ओळखलंस, मी नाही. काल प्रार्थनेनंतर उभी राहून मी तो शब्द सगळ्यांसमोर मागे घेतला. तुझ्यासमोर घ्यायचा राहिलाय, म्हणून हे पत्र. ये. तुझ्या तोंडावर म्हणायचंय मला, चुकले मी.

तुझीच,
गावभर तुझं नाव सांगत फिरणारी आई